घाशीराम (नाट्यपात्र) : सत्तेच्या खेळातील त्याच्या चुका

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्या ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातील प्रमुख पात्र. कनौजहून बायको-मुलीसह पोट भरायला पुण्यात आलेला हा गरीब ब्राह्मण अपमानाचा सूड उगवण्यासाठी शहराची कोतवाली मिळवतो आणि त्याच शहराच्या हातून मारला जातो. नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. घाशीरामची भूमिका रमेश टिळेकर यांनी आणि पेशवाईचा कारभारी नाना फडणवीस याची मोहन आगाशे यांनी केली.

पात्रामागे खरा माणूस आहे. घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याचा कोतवाल होता. रात्रीची गस्त, चोऱ्यांचा तपास, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, बाजारावरची नजर ही कोतवालीची कामे. ऑगस्ट १७९१ मध्ये श्रावणातील दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना त्याच्या माणसांनी कोंडून घातले. त्यांतील वीसहून अधिक जण गुदमरून मेले आणि खवळलेल्या जमावाने घाशीरामला दगडांनी ठेचले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्ये त्याच्या नावाचे पुस्तक लिहिले. तेंडुलकरांनी मात्र आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे स्पष्ट केले होते. समाजात घाशीराम कसे निर्माण केले जातात, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. पुढील विवेचन नाटकातल्या घाशीरामचे आहे. इतिहासातल्या कोतवालाचा न्याय त्यावरून करू नये.

घाशीराम मूर्ख नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. बावनखणीत, म्हणजे कलावंतिणींच्या वस्तीत, गुलाबीच्या कोठीवर चाकरी करताना तो नानाची नजर ओळखतो. नानाचा दुखावलेला पाय स्वतःच्या पाठीवर घेऊन तो बक्षिसाचा हार मिळवतो. गुलाबी गुंडांकरवी तो हिसकावून घेते. पुढे दक्षिणेच्या गर्दीत त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, तुरुंग घडतो आणि त्याला शहराबाहेर हाकलले जाते. त्या क्षणी तो पुण्याची दुर्दशा करण्याची शपथ घेतो. महत्त्वाकांक्षेचे मूळ इथे आहे आणि दोषही इथेच शिरतो. ज्यांनी छळले ते मोजके शिपाई, गुलाबी आणि आळ घेणारा एक भट; सूड मात्र अख्ख्या शहरावर. शत्रूची व्याख्या एवढी रुंद केली की मित्र करायला कोणी उरत नाही. पुढे सत्ता हाती आल्यावर सावकार, सरदार, व्यापारी, निदान एखादी पेठ आपल्या बाजूला वळवावी, असे त्याच्या मनातही येत नाही. तो परका आहे हे शहर विसरत नाही आणि शहराला ते विसरायला लावण्याची गरज त्याला वाटत नाही.

सर्वांत मोठी चूक कोतवालीच्या सौद्यात आहे. नाना घाशीरामची मुलगी ललितागौरी हिच्यामागे वेडा होतो, तेव्हा घाशीराम अडून बसतो आणि मुलीच्या बदल्यात पुण्याची कोतवाली मागून घेतो. वरवर पाहता हा त्याचा सर्वांत यशस्वी डाव: राज्याचा कारभारी कोंडीत सापडला आहे आणि एक भिकारी ब्राह्मण अटी घालतो आहे. पण देवघेवीत त्याने काय दिले आणि काय घेतले ते पाहावे. दिले ते परत मिळणारे नव्हते. घेतले ते देणाऱ्याच्या एका सहीने जाणारे होते. शिवाय नानाची वासना हेच त्याच्या हातातले एकमेव बळ, आणि ते ओसरणारच होते. ती ओसरल्यावर आपल्याला धरून ठेवणारे काय, हा प्रश्न घाशीराम एकदाही विचारत नाही.

नानाने मात्र तो हिशेब नेमणुकीच्या रात्रीच केलेला असतो. आपल्या स्वगतात तो सांगतो की परका कोतवाल कोणाशी संगनमत करणार नाही, लोकांच्या रागाचे लक्ष्य तोच राहील आणि आपली पापे त्याच्या नावावर खपतील. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत नाना अर्धा गणला जातो, कारण तो मुत्सद्दी होता पण लढवय्या नव्हता. तेंडुलकरांच्या नाटकातला नाना तलवार न उपसता जिंकतो. प्रेक्षकाला हे स्वगत ऐकू येते, घाशीरामला येत नाही. नाटकाची सारी वेदना मला या अंतरात दिसते.

कोतवाल झाल्यावर तो रात्री रस्त्यावर दिसेल त्याला पकडतो. प्रेत जाळायलासुद्धा परवाना लागतो. संशयिताच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवून दिव्य घडवले जाते. या क्रौर्याचे नीतीने मोजमाप करायला फार विचार लागत नाही. डावपेच म्हणूनही ते फसलेलेच होते: भीती रोज वाढवत नेली आणि सुटकेची एकही वाट ठेवली नाही, की दबलेला माणूस फक्त एका निमित्ताची वाट पाहत राहतो. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की या जुलमातून घाशीरामच्या पदरी काही साठत नाही. लोकांचा द्वेष त्याच्याकडे जमतो आणि निर्धास्तपणा नानाकडे.

मुलीच्या मृत्यूनंतरचा प्रवेश या पात्राची खरी कसोटी आहे. ललितागौरी बाळंतपणात मरते, तिला गुपचूप पुरले जाते आणि बापाला ते नंतर कळते. तो संतापून नानाकडे जातो. इथे त्याच्यापुढे दोन वाटा होत्या: नानाशी उघड वैर, किंवा पद टाकून शहर सोडणे. पहिलीत मरण होते, तरी ते खऱ्या गुन्हेगाराशी झुंजताना आले असते. घाशीराम तिसरीच वाट धरतो. नाना गोड शब्दांत नश्वरतेची शिकवण देतो, घाशीराम मान खाली घालतो आणि कोतवालीवर परत जाऊन नानावरचा राग गरिबांवर काढतो. ज्याच्यासाठी मुलगी दिली ते पद आता त्याला सोडवत नाही. सूड हे मूळ ध्येय होते. आता सूड कोणावर घ्यायचा हेच त्याला दिसेनासे झाले आहे. माझ्या मते घाशीरामचा पराभव इथेच पुरा होतो.

पुढचे वेगाने घडते. दक्षिणेकडून आलेले भुकेले ब्राह्मण कोतवालाच्या बागेतली फळे तोडतात, चोर म्हणून एका खोलीत कोंबले जातात आणि गुदमरून मरतात. पुण्यातले ब्राह्मण नानाच्या वाड्यावर चालून जातात. नाना क्षणभरही न अडखळता घाशीरामच्या मृत्यूच्या हुकमावर सही करतो. घाशीरामपाशी स्वतःचे म्हणावे असे एकही माणूस नाही. शेवटी तो स्वतःच जमावापुढे मरण मागतो, ललितागौरीचे नाव घेतो. त्याच्या मरणानंतर नाना संकट टळल्याचे सांगून तीन दिवसांच्या उत्सवाचा हुकूम देतो.

नाटकाच्या वाट्यालाही राजकारण आले. नानाची आणि ब्राह्मणांची बदनामी होते, या आक्षेपावरून वादळ उठले आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने प्रयोग थांबवले. संस्थेतून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन केली आणि जानेवारी १९७४ पासून प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० मधील युरोप दौऱ्यालाही विरोध झाला, तरी तो पार पडला. १९७६ मध्ये युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हने काढलेल्या चित्रपटात घाशीरामची भूमिका ओम पुरी यांनी केली. नाना तिथेही मोहन आगाशेच होते. आक्षेप घेणाऱ्यांनी सारी चर्चा नानाच्या चारित्र्याभोवती फिरवली. त्यामुळे घाशीराम या पात्राकडे, त्याच्या निर्णयांकडे बारकाईने पाहणे मागे पडले, हे मराठी नाट्यविचाराचे नुकसान आहे. बारा-चौदा ब्राह्मणांची नाचती-गाती मानवी भिंत आणि कीर्तन-लावणीचा बाज यांचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्त आहे. पण त्या भिंतीसमोर उभ्या असलेल्या माणसाचे वाचन अजून अपुरे आहे. संहिता हाती घेणाऱ्याने नेमणुकीच्या रात्रीचे नानाचे स्वगत आणि अखेरचे त्याचे भाषण लागोपाठ वाचावे. घाशीरामला जे कळले नाही ते तिथे आहे.