गच्चीवरची ३९ मिनिटं

नाताळच्या सुट्टीत माझी पाचवीतली भाची भूगोलाचं पुस्तक घेऊन आमच्याकडे गिरगावात राहायला आली. धडा रेखावृत्तांचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर; माझ्या लेखी रेखांश म्हणजे डेटाबेसमधला एक दशांशी आकडा. मधली उभी रेघ शून्य, तिच्या पूर्वेला १८०, पश्चिमेला १८०, एवढं सांगून मी मोकळा झालो. तिचं समाधान झालं नाही. "विषुववृत्त मधोमध आहे, म्हणून ते शून्य. पण उभ्या रेघा सगळ्या सारख्याच आहेत ना! मग शून्य ग्रीनिचलाच का रे मामा?"

खरं उत्तर असं की, ते मतं मोजून ठरलं. १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले. ग्रीनिचच्या बाजूने २२ मतं पडली, एक विरोधात, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. जगातली बरीचशी जहाजं आधीपासूनच ग्रीनिचवर बेतलेले नकाशे वापरत होती, हे मोठं कारण. फ्रान्सने मात्र आपली घड्याळं १९११ पर्यंत पॅरिसवरच ठेवली.

आपल्याकडेही शून्य होतं. सूर्यसिद्धान्तातली मध्यरेषा लंका, उज्जैन आणि कुरुक्षेत्रावरून जाते. तिच्यापासून पूर्व-पश्चिम असलेला फरक म्हणजे देशांतर, आणि तो काढायची युक्ती चंद्रग्रहणाची. ग्रहण सगळ्यांना एकाच क्षणी लागलेलं दिसतं, पण त्या क्षणी प्रत्येक गावची सूर्यावरची वेळ वेगळी असते. दोन गावांच्या वेळांमधला फरक म्हणजेच देशांतर.

थोडक्यात, रेखांश म्हणजे वेळच. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं.

हे नुसतं सांगून पटेना, म्हणून २५ डिसेंबरला आम्ही गच्चीवर गेलो. सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा मागेपुढे होत असतो. या तारखेच्या सुमारास तो फरक जवळजवळ नसतोच. बिल्डिंगमधली आणखी तीन पोरं आली. कुंडीत काठी उभी केली आणि तिच्याभोवती खडूने वर्तुळ काढलं. काठीच्या सावलीचं टोक वर्तुळाला सकाळी ११:०८ ला टेकलं आणि दुपारी २:१२ ला पुन्हा. दोन्हींच्या मधली वेळ १२:४०. तोच आमचा माध्यान्ह.

भारताचं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंशांच्या रेघेवर लावलेलं आहे. तिथे सूर्य १२ वाजता माथ्यावर, आमच्याकडे ४० मिनिटं उशिरा. ४० भागिले ४, म्हणजे १० अंश पश्चिमेला. उत्तर ७२.५. फोनवर पाहिलं तर ७२.८.

"मामा, आपण समुद्रात आहोत!" पोरं ओरडली. खरंच, एका मिनिटाच्या चुकीने आमची गच्ची तीसेक किलोमीटर अरबी समुद्रात गेली होती.

मग पुढचा प्रश्न. "म्हणजे आपलं घड्याळ खोटं?"

मुंबईचं स्वतःचं घड्याळ होतं. 'बॉम्बे टाइम' ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे आजच्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला एक वेळ लावली. गिरण्यांनी नवी वेळ घेतली, तेव्हा घड्याळातला आकडा तोच राहिला, पण सूर्याच्या हिशेबाने कामगाराला ३९ मिनिटं आधी हजर व्हावं लागणार होतं. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी याविरुद्ध दंगा केला. मुंबई महापालिकेने तर जुनी वेळ बराच काळ सोडली नाही. कित्येक वर्षं एकाच शहरात दोन वेळा चालत होत्या.

रोज ग्रीनिचच्या वेळेत साडेपाच तास मिळवणारा कोड मी लिहितो. त्या साडेपाचमध्ये कोणाची तरी पहाटेची झोप गेली होती, हे मला माहीत नव्हतं.

शाळा सुरू झाली त्या दिवशी सकाळी साडेसहाला भाचीचा फोन आला. ती स्कूलबसची वाट बघत उभी होती. "मामा, इथे अजून अंधार आहे. बॉम्बे टाइमने आत्ता पाच एक्कावन्नच झालेत."