बोटांचे ठसे आणि माणसाची ओळख

माणसांची मोजदाद करण्याची राज्यकर्त्यांची रीत फार जुनी आहे. कैसर औगुस्ताच्या नावनोंदणीसाठीच योसेफ व गर्भवती मरिया बेथलेहेमची वाट चालले, असे संत लूक सांगतो. ती नोंद नावाची होती. आज विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीपाशी नोंद होते ती देहाची : बोटांचे ठसे, चेहरा, कुठे डोळ्यांतील बुबुळही. आमच्या वसईच्या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबांची मुलेबाळे परदेशी आहेत. त्यांना भेटण्यास निघालेल्या वृद्ध आईवडिलांना ही यंत्रे परकी वाटतात. परंतु या विद्येचे एक मूळ आपल्याच भूमीत आहे.

1858 साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारनाम्यावर पंजाचा ठसा घेतला. त्याने पुढे सही नाकारू नये, एवढाच हेतू. 1897 साली कलकत्त्यात ठशांचे स्वतंत्र कार्यालय उघडले. ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले. 1901 मध्ये ही पद्धत स्कॉटलंड यार्डात पोहोचली.

अशा रीतीने या विद्येच्या पाळण्यातच संशय होता. दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारने 1906 मध्ये वटहुकूम व 1907 मध्ये कायदा करून तेथील भारतीयांवर ठशांसह नोंदणीची सक्ती केली. त्याविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला. जानेवारी 1908 मध्ये तडजोड झाली : भारतीयांनी स्वेच्छेने नोंद करावी, मग कायदा मागे घेतला जाईल, असे गांधीजींनी मानले. 10 फेब्रुवारी रोजी नोंदणीस जाताना तडजोडीवर चिडलेल्या मीर आलम व त्याच्या साथीदारांनी त्यांना बेदम मारले. जोसेफ डोक या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाने जखमी गांधीजींना आपल्या घरी नेले. तेथे अंथरुणावरूनच त्यांनी ठसे दिले. डोक यांच्या मुलीने त्यांना न्यूमन यांचे स्तोत्र गाऊन दाखवले. तेच न्यूमन आपल्या ख्रिस्तसभेचे कार्डिनल होते आणि 2019 साली ते संत घोषित झाले.

कायदा मात्र रद्द झाला नाही. तेव्हा 16 ऑगस्ट 1908 रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. स्वखुशीने ठसा देणारे गांधीजीच या होळीचे नेते होते. यात विसंगती नाही. विश्वासाने दिलेला ठसा अपमानाचा नसतो. एका समाजाला गुन्हेगार समजून घेतलेला ठसा अपमानाचा असतो.

आजच्या यंत्रांनाही हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते. अमेरिकेने 5 जानेवारी 2004 पासून विमानतळांवर परदेशी प्रवाशांच्या दोन बोटांचे ठसे घेण्यास आरंभ केला. पुढे दहाही बोटे आली. युरोपातील शेंगेन देशांनी 12 ऑक्टोबर 2025 पासून टप्प्याटप्प्याने चार बोटांचे ठसे व चेहरा नोंदवण्याची व्यवस्था सुरू केली. खोट्या पासपोर्टांना आळा बसावा, हा हेतू रास्त आहे. राष्ट्राने सीमा राखावी, हे ख्रिस्तसभा मान्य करते. मात्र परक्याची प्रतिष्ठा जपावी, असेही बजावते.

येथेच कष्टकऱ्यांची अडचण उभी राहते. वाडीत माती उकरून, भांडी घासून, विटा उचलून ज्यांची बोटे झिजली, त्यांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत. वयानेही रेषा पुसट होतात. पुन्हा बोट टेकवण्यास सांगितले की अशी माणसे अपराध्यासारखी कावरीबावरी होतात. मुलांनी त्यांना घरीच समजावून सांगावे : हा आरोप नव्हे, ही यंत्राची मर्यादा आहे. दुसरे बोट टेकवता येते, अधिकाऱ्यास मदत मागता येते. आणि आमच्यापैकी जे तरुण विमानतळांवर नोकरीस आहेत, त्यांनी रांगेतील अशा हातांना क्षणभर अधिक वेळ द्यावा.

देवाने आपल्या लेकरांना तळहातावर कोरून ठेवले आहे, अशा आशयाची प्रतिमा यशया संदेष्ट्याने योजली आहे. झिजलेल्या बोटांची ओळख तेथे कधीच पुसली जात नाही.