पाणथरीचा ताप आणि वालधुनीकाठची वस्ती

शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चा शिलालेख जपणारे अंबरनाथचे शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी उभे आहे, त्या नदीच्या आसपासची वस्ती गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर त्याच छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेली सुमारे लाखभर निर्वासित माणसे राहू लागली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. पुढे अंबरनाथ आणि बदलापूर येथे कारखाने वाढले, तसे उत्तर प्रदेश आणि बिहारमधील कामगारही येथे आले. अशा पट्ट्याचा रोगेतिहास माणसांच्या येण्याजाण्यापासून वेगळा काढता येत नाही, आणि काळा आजार हे त्याचे बोलके उदाहरण आहे, कारण हा रोग महाराष्ट्रात मुळावलेला नसूनही बाधित माणसाच्या शरीरातून तो येथवर येऊ शकतो.

लीशमॅनिया या एकपेशीय परजीवीमुळे होणाऱ्या रोगांना लीशमॅनियासिस म्हणतात. त्यातील त्वचेचा प्रकार दिल्ली, लाहोर, मुलतान या शहरांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या चिवट फोडांच्या रूपात वसाहतकाळी परिचित होता; प्लीहा म्हणजे पाणथरी, यकृत आणि अस्थिमज्जा यांत घर करणारा प्रकार म्हणजे काळा आजार. हा दुसरा प्रकार उपचाराविना बहुधा प्राणघातक ठरतो.

त्याची ओळख पटण्यास लागलेला विलंब वैद्यकाच्या इतिहासात फार शिकवणारा आहे. दीर्घ ताप, वाढलेली पाणथरी आणि रक्तक्षय ही लक्षणे हिवतापातही दिसत असल्याने आसामातील साथ पाहून लिओनार्ड रॉजर्स यांनी १८९७ मध्ये हा हिवतापाचाच तीव्र प्रकार ठरवला, आणि हिवतापाचा परजीवी डासात शोधणारे रोनाल्ड रॉस हेही १८९९ मध्ये त्याच निष्कर्षाला आले. १९०३ मध्ये विल्यम लीशमन यांनी डमडम येथील छावणीत आजारी पडलेल्या सैनिकाच्या पाणथरीत दिसलेल्या सूक्ष्म कणांचे वर्णन छापले, मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तेच कण आढळले, आणि दोघांची नावे एकत्र जोडून ‘लीशमॅनिया डोनोव्हनी’ हे नाव देणारे स्वतः रॉसच होते. ज्या विद्वानांनी प्रथम चूक केली त्यांचा अभ्यास अपुरा नव्हता. ओळखीचा रोग समोर असताना अनोळखी रोग सुचत नाही, एवढेच त्यातून दिसते. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात तयार केलेल्या युरिया स्टिबामाइनने पुढे असंख्य प्राण वाचवले. मात्र वाळूमाशीच्या चाव्यातून रोग पसरतो याचा निर्णायक पुरावा १९४२ मध्येच, आसामातील स्वयंसेवकांवरील प्रयोगातून मिळाला.

प्रतिबंधाचा पहिला मोठा विजय तर दुसऱ्याच रोगाशी लढताना हाती आला. मुंबई इलाख्यात डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास धारवाड आणि कारवार भागांत हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू केली, आणि १९५३ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाने ती देशभर नेली. भिंतींवरचे ते औषध वाळूमाश्यांनाही मारी, म्हणून काळा आजारही ओसरला. फवारणी थांबताच १९७० च्या दशकात बिहारमध्ये त्याने पुन्हा उग्र रूप धरले.

महाराष्ट्रात वाळूमाशी नाही, असे मात्र समजू नये. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांत सापडलेला आणि त्या गावाच्याच नावाने ओळखला जाणारा विषाणू पुढे राज्यातील वाळूमाश्यांतही मिळाला. दोन-तीन मिलिमीटरची, उडण्यापेक्षा टुणटुण उड्या मारणारी ही माशी डासाप्रमाणे साचलेल्या पाण्यात वाढत नाही; गोठा, भिंतींच्या भेगा, शेणकाडीची ओलसर माती हे तिचे जन्मस्थान असते. म्हणून भेगा लिंपणे, गोठा घरापासून दूर आणि कोरडा ठेवणे आणि बारीक छिद्रांच्या मच्छरदाणीत झोपणे हे उपाय येथेही लागू पडतात. भारतातील काळ्या आजाराचा परजीवी माणसाकडून माशीमार्फत माणसाकडेच जात असल्यामुळे रुग्ण लवकर बरा करणे हाही प्रतिबंधच ठरतो.

त्यामुळे उल्हासनगर किंवा बदलापूरच्या दवाखान्यात दोन आठवड्यांहून जास्त ताप, हिवतापाच्या औषधाने न उतरणारा, पाणथरी वाढलेली आणि वजन घटत चाललेले असा रुग्ण आला, तर त्याचे मूळ गाव आणि अलीकडचा प्रवास विचारणे ही तपासणीची पहिली पायरी आहे. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल किंवा पूर्व उत्तर प्रदेश असे उत्तर आल्यास बोटातील रक्तावर होणारी आरके-३९ ही झटपट चाचणी उपयोगी पडते, आणि लिपोसोमल अँफोटेरिसिन-बी या औषधाच्या शिरेतून दिलेल्या एका मात्रेने बहुतेक रुग्ण बरे होतात. बरे झाल्यावरही ही चाचणी दीर्घकाळ होकारार्थी राहते, त्यामुळे आजार पूर्वी होऊन गेला आहे का, हेही विचारावे लागते.

सर्वांत सहज निसटणारा रुग्ण तापाचा नसतोच. काळा आजार बरा झाल्यावर काही महिन्यांनी वा वर्षांनी काहींच्या चेहऱ्यावर आणि अंगावर फिकट चट्टे किंवा गाठी उमटतात. ब्रह्मचारींनी १९२२ मध्ये वर्णिलेली ही त्वचेची अवस्था कुष्ठरोग समजून सोडली जाण्याची शक्यता मोठी असते. रुग्णाला काही दुखत नाही, तो रोज कामावर जातो, आणि त्याच्या त्वचेत परजीवी जिवंत असतो.