शिलाई मशीनवाल्यांची ५०० पिस्तुलं

गेल्या दिवाळीत काकांनी आजीचं शिलाई मशीन भंगारात द्यायचं ठरवलं. वजनावर. मी म्हटलं, थांबा, सिंगर आहे, जुन्या वस्तूंना ऑनलाइन भाव येतो. मोबाईलचा टॉर्च मारून मशीनवरचा नंबर वाचला. सुरुवातीला ‘वाय’. म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात १९२१ ते १९३५च्या दरम्यान बनलेलं.

किंमत शोधता शोधता भलतीकडेच पोचलो. २०१७मध्ये अमेरिकेत सिंगरची एक वस्तू लिलावात ४ लाख १४ हजार डॉलरला गेली होती. तेव्हाच्या दराने अडीच कोटींहून जास्त. ते मशीन नव्हतं, पिस्तूल होतं!

१९४०मध्ये युरोपात युद्ध पेटलं होतं, अमेरिका अजून उतरली नव्हती. पण उद्या लागलीच तर शस्त्रं बनवणार कोण? म्हणून सरकार साध्या वस्तू बनवणाऱ्या कारखान्यांना ‘एज्युकेशनल ऑर्डर’ देत होतं. आमच्या भाषेत पायलट प्रोजेक्ट. सिंगरला ऑर्डर मिळाली ५०० पिस्तुलांची. मॉडेल एम१९११ए१, जॉन ब्राउनिंगने आखलेल्या आणि १९११मध्ये सैन्याने स्वीकारलेल्या पिस्तुलाची सुधारित आवृत्ती. खरी मागणी मात्र ५०० नगांची नव्हतीच. तासाला १०० पिस्तुलं बनवता येतील अशी हत्यारं, साचे आणि आराखडे तयार करा, ही होती.

न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ शहरात ती ५०० बनली. नंबर एस८००००१ ते एस८००५००. आणि तिथेच थांबली. इतकं बारीक काम जमणाऱ्या कंपनीला पुढे तोफांचा नेम साधणारी गुंतागुंतीची यंत्रं बनवायला दिली. पिस्तुलांचं काम इतरांकडे गेलं. त्यातल्या रेमिंग्टन रँड या टाइपरायटरवाल्या कंपनीने आठ लाखांहून जास्त पिस्तुलं बनवली.

सिंगरची बरीचशी पिस्तुलं हवाई दलाकडे गेली. काही हरवली, काहींना दुरुस्तीत नवा मुलामा चढला. आता संग्राहक विकताना-घेताना भिंगातून बघतात. मुलामा मूळचा आहे का? सुटे भाग त्याच पिस्तुलाचे आहेत का? काडतुसाच्या पितळेने उमटलेलं वर्तुळ कुठे दिसतंय का? कुणी हौसेने पॉलिश केलं की किंमत कोसळते. साध्या पिस्तुलावर सिंगरचा खोटा शिक्का मारणारेही असतात.

आणि बाजारात ज्याला ‘एकही गोळी न झाडलेलं’ म्हणतात, त्याचा अर्थ ‘कारखान्याबाहेर न झाडलेलं’ इतकाच. कारण चाचणीच्या गोळ्या कारखान्यातच झाडलेल्या असतात. माझ्यातल्या टेस्टिंगवाल्याला हे पटलं.

हे सगळं आजीला सांगितलं. ती म्हणाली, “वापरलं नाही म्हणून एवढे पैसे? अरे, मग ते केलं कशाला?”

मला उत्तर सुचलं नाही. पिस्तूल न वापरलेलं राहिलं यात वाईट काय, असंही वाटलं. पण मशीनचा हिशोब उलटा असतो. मुंबईतल्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाने सिंगरचा धंदा हिंदुस्थानभर पसरवला, हप्त्यांवर मशीन घरोघरी गेलं. १९२४मध्ये यंत्रांबद्दल बोलताना गांधीजींनीही सिंगरच्या मशीनचा अपवाद केला होता. आमच्या मशीनवरची सोनेरी नक्षी आजीच्या मनगटाने घासून गेली आहे. लोकांचे ब्लाउज आणि परकर शिवून तिने बाबांची आणि काकांची फी भरली. संग्राहकाच्या नजरेने याची किंमत शून्य.

हीच गोष्ट मी काकांना सांगितली, फीच्या उल्लेखासकट. ते जरा वेळ गप्प बसले. मग भंगारवाल्याला फोन करून नको म्हणाले.

मी मशीनला तेल घातलं आणि नवा पट्टा आणला. आजीने माझ्या ऑफिसच्या बॅगेचा उसवलेला बंद पुढे ओढला आणि पाय पायट्यावर ठेवला.