एक सांचा, अनेक संकेतस्थळें

भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या या खोऱ्यांत कोहळी समाजानें पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले. नवेगांव बांध येथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला. 1 मे 1999 रोजीं गोंदिया जिल्हा अलग झाला, तेव्हांपासून तें स्थान त्या जिल्ह्यांत मोडतें. या तलावांची घडण मुळांत एकच. उतारावरचें पाणी अडविणारा मातीचा बांध, भातशेतीस पाणी सोडण्याचें दार, आणि जास्तीचें पाणी वाहून जाण्यास सांडवा. बांधाची लांबी, उंची आणि वळण हीं मात्र त्या त्या गांवच्या जमिनीनें ठरविलीं. सिद्ध झालेला सांचा एकच, आणि त्यास जागेप्रमाणें मुरड, हें त्या कामाचें मर्म होय.

संगणकाच्या जगांतही हाच प्रश्न उभा राहिला. टिम बर्नर्स-ली यांनीं 1989 सालीं सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेंत विश्वव्यापी जाळ्याची कल्पना मांडली. लवकरच त्या जाळ्याच्या पानांत मजकूर व सजावट एकमेकांत मिसळूं लागलीं. मथळ्याचा रंग बदलावयाचा तर एकेक पान उघडून दुरुस्त करावें लागे. 1994 सालीं हाकोन व्हिउम ली यांनीं सजावटीचे नियम मजकुरापासून निराळे ठेवावे अशी सूचना केली, आणि डिसेंबर 1996 मध्यें ते नियम 'सीएसएस' या नांवानें मान्य झाले. 2003 सालीं मॅट मलनवेग व माइक लिटल यांनीं 'वर्डप्रेस' ही प्रणाली सर्वांस मोफत खुली केली, आणि फेब्रुवारी 2005 च्या आवृत्तींत तिला 'थीम'ची जोड मिळाली. थीम म्हणजे संकेतस्थळाचा पोशाख. देह तोच ठेवून पोशाख बदलतां येऊं लागला. तसाच एक पोशाख कमीजास्त करून अनेकांच्या अंगीं बसवितांही येऊं लागला.

या सोयीचा मोठा प्रयोग भारतांत सरकारी स्थळांवर झाला. 1976 सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. पूर्वीं प्रत्येक जिल्ह्याचें संकेतस्थळ निराळ्या घडणीचें असे. एका ठिकाणीं दूरध्वनी क्रमांक पहिल्याच पानावर, तर दुसऱ्या ठिकाणीं ते शोधतां शोधतां पुरेवाट होई. 2009 सालीं सरकारी संकेतस्थळांसाठीं मार्गदर्शक तत्त्वें निघालीं. 3 डिसेंबर 2015 रोजीं दिव्यांगांच्या सोयीसाठीं सुगम्य भारत अभियान सुरू झालें. त्यानंतर केंद्रानें 'एस-थ्री-वास' नांवाची सामाईक चौकट सिद्ध केली. सुरक्षित, हवी तेवढी वाढणारी आणि सर्वांस सुगम्य, असे तिचे तीन गुण तिच्या नांवांतच गोंविले आहेत.

भंडारा जिल्ह्याचें संकेतस्थळ याच चौकटींत बसविलेलें आहे. जिल्ह्याविषयीं माहिती, विभाग, निर्देशिका, पर्यटन, सूचना, ही मांडणी भंडाऱ्यास जशी, तशीच गोंदिया आणि गडचिरोली येथेंही. एक स्थळ वाचतां आलें कीं दुसरें परकें वाटत नाहीं. अंधुक दिसणाऱ्यास अक्षर मोठें करण्याची सोय एकदां सांच्यांत घातली, कीं ती सर्व जिल्ह्यांस लाभते; प्रत्येक जिल्ह्यास त्यासाठीं स्वतंत्र कारागीर शोधावा लागत नाहीं. लहान जिल्ह्यास हा लाभ थोडा नव्हे.

परंतु सांचा एक म्हणजे दोषही सामाईक. एक छिद्र राहिलें तर तें सर्व घरांत राहतें. म्हणून निवड करतांना नुसतें रूप पाहून भागत नाहीं. सांचा हलका आहे काय, लहान भ्रमणध्वनीवर तो नीट उघडतो काय, मराठीचीं जोडाक्षरें त्यांत न तुटतां उमटतात काय, आणि त्याचा कर्ता त्याची निगा राखतो काय, हें आधीं पाहावें लागतें. वर्डप्रेसच्या जाणकारांनीं आणखी एक पथ्य घालून दिलें आहे. मूळ थीमला हात न लावतां आपले फेरफार तिच्यावर आधारलेल्या 'चाइल्ड थीम'मध्यें ठेवावयाचे. हें पथ्य मोडलें, तर मूळ थीमची नवी आवृत्ती येतांच केलेले सर्व श्रम पुसले जातात.

निगेचा धडा तर तलावांनींच दिला आहे. मध्यप्रांतांतील मालगुजारी 1951 सालीं संपली. तलाव सरकारकडे गेले आणि गांवाची जबाबदारी सैल झाली. कित्येक तलावांत गाळ सांचला. सांचा उत्तम होता. नित्य पाहणारा हात उणा पडला.

संकेतस्थळाचें तसेंच आहे. चौकट दिल्लीहून येते, परंतु तींतील पाणी गांवचें असावें लागतें. पवनीचे प्राचीन स्तूप, भंडाऱ्याचीं पितळी भांडीं, तुमसर भागांतील मॅंगनीजच्या खाणी, यांचें यथार्थ वर्णन दुसरा कोणी लिहून देणार नाहीं. जुनी सूचना तशीच राहिली, अधिकाऱ्याचा बदललेला क्रमांक दुरुस्त झाला नाहीं, तर सांकोली-लाखांदूरहून दाखल्यासाठीं निघालेल्या माणसाची खेप फुकट जाते. बांध सर्वांचा सारखा असला, तरी गाळ ज्याचा त्यानेंच काढावयाचा असतो.