सभेचा पत्ता

दारू सोडण्याची शपथ आणि दारूवाचून जगण्यासाठी लागणारी सोबत, या दोन गोष्टी एक नव्हेत. ख्रिस्तसभेच्या इतिहासात पहिलीचा महिमा मोठा आहे. दुसरीचे मोल जगाला फार उशिरा उमगले.

१८३८ साली आयर्लंडमधील कॉर्क शहरी फादर थिओबाल्ड मॅथ्यू या कॅपुचिन धर्मगुरूंनी मद्यत्यागाची चळवळ आरंभिली. लक्षावधी लोकांनी त्यांच्यासमोर शपथ घेतली. पण त्यांच्या पश्चात लाट ओसरली. त्यांचे निधन झाले त्याच १८५६ साली डब्लिनमध्ये मॅट टालबट जन्मला. बाराव्या वर्षी तो पिऊ लागला. १८८४ साली त्याने तीन महिन्यांपुरती शपथ घेतली आणि पुढे १९२५ साली मरेपर्यंत, चाळीस वर्षे, थेंबालाही स्पर्श केला नाही. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला ‘वंदनीय’ म्हणून गौरविले. त्याची मदार नित्य मिस्सा, प्रार्थना आणि कठोर तप यांवर होती. असा निश्चय विरळा. सामान्य माणसाची शपथ संध्याकाळी मोडते आणि मग शरमेपोटी तो पिण्याबरोबर देवळाकडेही पाठ फिरवतो, असे नाही. पिणे राहते, देऊळ मात्र सुटते.

आमच्या वऱ्हाडालाही हे दुःख परके नाही. शेंडगावच्या झिंगराजींना दारूनेच नेले. त्यांचा पोरका मुलगा डेबूजी पुढे गाडगेबाबा झाला. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत घालण्याची रीत त्यांनी मोडली आणि गोडाचे जेवण घातले. पुढे आयुष्यभर कीर्तनातून दारूवर कोरडे ओढले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. भातकुलीच्या माणसाला हा परिसर घरचाच. कीर्तनाने माणूस हेलावतो, जागा होतो. पण कीर्तन संपल्यावर रात्र त्याला एकट्यालाच काढावी लागते.

त्या रात्रीचा उपाय १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन या गावी सापडला. न्यूयॉर्कचा शेअरदलाल बिल विल्सन काही महिने कोरडा होता. अॅक्रनमध्ये त्याचा व्यवहार फसला. हॉटेलातील गुत्ता त्याला हाका मारू लागला. तेव्हा तेथेच लावलेली चर्चची यादी पाहून त्याने एका धर्मगुरूस फोन केला. ते एपिस्कोपल पंथाचे वॉल्टर टंक्स. त्यांनी काही नावे दिली. त्या धाग्याने १२ मे रोजी, मातृदिनी, विल्सन डॉ. बॉब स्मिथ या मद्यासक्त शल्यविशारदासमोर येऊन बसला. डॉक्टर पंधरा मिनिटांत उठणार होते. बोलणे चालले सहा तासांच्या वर. आपले दुखणे स्वतः भोगलेला माणूस त्यांना प्रथमच भेटला होता. १० जून १९३५ रोजी त्यांनी शेवटचा घोट घेतला. तीच ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ची जन्मतिथी मानली जाते.

या कार्यात आमच्या ख्रिस्तसभेचेही हात लागले. १९३९ साली धर्मभगिनी इग्नेशिया यांनी अॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयाचे दार मद्यपींसाठी उघडले. १९४० साली येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग विल्सनला भेटले. बारा पायऱ्यांचे संत इग्नेशियसच्या आध्यात्मिक साधनेशी असलेले साम्य त्यांना जाणवले होते. स्वतःच्या दुबळेपणाचा स्वीकार, परमेश्वरावर भिस्त, अंतःकरणाचा झाडा, दुखावलेल्यांची भरपाई: हा क्रम आमच्या कुटुंबांना अनोळखी वाटू नये.

बाबांच्या निर्वाणानंतर काही महिन्यांतच, १९५७ साली, ही चळवळ मुंबईत रुजली. १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात फादर ज्यो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ उभारले. १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले.

आता प्रश्न भातकुलीचा. कापसाचा पैसा हाती येतो, वाटेतच संपतो, आणि पोरांची फी राहते. घरची बाई धर्मगुरूकडे येते व म्हणते, “फादर, त्यांना जरा समजावून सांगा.” समजावून सांगण्याने भागले असते तर वऱ्हाडात गाडगेबाबांनंतर गुत्ता उरला नसता. अॅक्रनच्या त्या धर्मगुरूने जे केले तेच येथे करावयाचे आहे: पत्ता द्यावयाचा.

सभेला फी नाही, नावनोंदणी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. खुल्या सभेस घरच्यांनाही बसता येते; बंद सभा केवळ मद्यपींची. तेथे ऐकलेले बाहेर बोलायचे नाही, हा दंडक. गावात सभा नसेल तर जवळच्या शहरात चौकशी करावी. तिकडे जाणे जमत नसेल तर मोबाइलवरूनही सभा भरतात. पत्नी व मुलांसाठी ‘अल-अॅनॉन’च्या वेगळ्या सभा आहेत, पती येवो न येवो, पत्नीने जावे. मात्र रोजचा पिणारा एकाएकी थांबला तर झटके येऊन जीवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

धर्मग्रामाने एवढे करावे: मागितल्यास आठवड्यातून एक तास एक खोली द्यावी आणि कोण आत गेले हे पाहू नये. सभासद आपला खर्च आपणच भागवतात, म्हणून ते देतील ते भाडे संकोच न करता घ्यावे. आणि पहिल्या दिवशी माणसाला एकटे पाठवू नये. दारापर्यंत कुणीतरी सोबत जावे. आत त्याच्यासारखेच बसलेले असतात.