कॉव्हेंट्रीचे जुने शहर नेमके कोणी पाडले?

इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या कॉव्हेंट्रीत जुन्या गावाचा विषय निघाला की बोलणे बहुधा एकाच तारखेपाशी येऊन थांबते : १४ नोव्हेंबर १९४०. त्या रात्री जर्मन विमानांनी शहर जाळले आणि लाकडी घरांचे, अरुंद गल्ल्यांचे मध्ययुगीन कॉव्हेंट्री संपले, अशी ही आठवण आहे. ती खोटी नाही. मात्र नकाशे, नगरपालिकेचे ठराव आणि जुनी छायाचित्रे शेजारी मांडली, की या आठवणीतील काही घरे त्या रात्रीच्या चार वर्षे आधीच जमीनदोस्त झालेली दिसतात, तर काही त्या रात्रीनंतरही वीस वर्षे उभी असलेली आढळतात. हा धागा त्या तफावतीविषयी आहे.

प्रथम हे शहर काय होते ते पाहिले पाहिजे. चौदाव्या शतकात कॉव्हेंट्री हे इंग्लंडमधील सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक होते. लोकर आणि कापड हा तिथला मुख्य व्यापार. इथला निळा रंग धुतला तरी उतरत नाही, अशी त्याची ख्याती होती. व्यापाऱ्यांच्या संघाने १३४० च्या दशकात बांधलेले सेंट मेरीज गिल्डहॉल आजही उभे आहे. १५६९ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी हिला काही काळ याच वास्तूत नजरकैदेत ठेवले होते. १३५० च्या दशकात शहराभोवती दगडी तट बांधायला सुरुवात झाली आणि ते काम शतकाहून अधिक काळ चालले.

या शहराला विध्वंस नवा नव्हता. आठव्या हेन्रीने इंग्लंडमधील मठ बरखास्त केले, तेव्हा जानेवारी १५३९ मध्ये इथला सेंट मेरीचा मठही गेला. त्या मठाचे चर्च हेच शहराचे कॅथीड्रल होते. ते वाचावे म्हणून बिशप रोलंड ली यांनी थॉमस क्रॉमवेलकडे रदबदली केली, पण उपयोग झाला नाही. त्या धामधुमीत पूर्ण पाडले गेलेले इंग्लंडमधील ते एकमेव कॅथीड्रल. पुढे यादवी युद्धात शहराने पार्लमेंटची बाजू घेतली होती, म्हणून दुसऱ्या चार्ल्सने १६६२ मध्ये तट पाडायला लावला. त्या तटाच्या बारा वेशींपैकी दोनच आज शिल्लक आहेत. म्हणजे कॉव्हेंट्रीचे पहिले दोन मोठे घाव राजाज्ञेने बसले, आणि दोन्ही वेळा शत्रू परका नव्हता.

त्यानंतर शहर रेशमी फितींवर आणि घड्याळांवर जगले. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर सेफ्टी’ सायकल इथेच तयार झाली. आजच्या सायकलचा सांगाडा तिच्यावरूनच आला. सायकलीमागून मोटारी आल्या. १९०१ मध्ये सुमारे ७० हजार वस्तीचे हे शहर १९३९ पर्यंत दोन लाखांच्या पुढे गेले. कामगारांच्या वसाहती बाहेरच्या बाजूला पसरत गेल्या. मधला भाग मात्र बराचसा जुन्या आखणीवरच राहिला. लेखक जे. बी. प्रीस्टली १९३३ मध्ये इथे आले, तेव्हा मोटारींच्या या शहरात एवढा जुना दगड आणि एवढे कोरीव लाकूड शिल्लक असल्याचे पाहून त्यांना नवल वाटले होते.

आणि नेमक्या याच काळात कुऱ्हाड चालू झाली.

होली ट्रिनिटी चर्चच्या उत्तरेला ‘बुचर रो’ नावाची गल्ली होती. नावाप्रमाणे मुळात खाटकांची. दोन्ही बाजूंना लाकडी सांगाड्याची घरे, वरचे मजले खालच्या मजल्यांहून पुढे झुकलेले, वर पाहिले तर आकाशाची अरुंद पट्टी. आज कॉव्हेंट्रीच्या जुन्या छायाचित्रांमध्ये सर्वाधिक हळहळ वाटायला लावणारी चित्रे याच गल्लीची आहेत. त्यांच्याखाली ‘युद्धापूर्वीचे कॉव्हेंट्री’ असे लिहिलेले असते तेव्हा शब्द अगदी बरोबर असतात. पण वाचणारा ‘युद्धापूर्वी होते, म्हणजे युद्धात गेले’ असा अर्थ आपोआप लावतो. प्रत्यक्षात बुचर रो १९३६ मध्ये पाडली गेली, बॉम्ब पडण्याच्या चार वर्षे आधी, नगरपालिकेच्या निर्णयाने. तिच्या जागेवरून ट्रिनिटी स्ट्रीट हा रुंद रस्ता काढला आणि १९३७ मध्ये तो खुला झाला.

नगरपालिकेकडे कारणे होती आणि ती पोकळ नव्हती. ब्रॉडगेट या मध्यवर्ती चौकात बस, मोटारी आणि कारखाने सुटल्यावर निघणारे सायकलस्वारांचे लोंढे यांची कोंडी होत असे. जुन्या घरांच्या मागच्या दाटीवाटीच्या अंगणांत रहिवाशांचे हाल होत. त्या काळातील बहुतेकांना बुचर रो हा वारसा वाटत नव्हता. ती अडगळ वाटत होती. नव्या रस्त्यावर ‘ओवेन ओवेन’ हे झगमगीत दुकान १९३७ मध्ये उघडले. ते नोव्हेंबर १९४० मध्ये बॉम्बने उद्ध्वस्त झाले. जुन्या गल्लीच्या जागी आलेली नवी इमारत जेमतेम तीन वर्षे टिकली. बुचर रो राहिली असती तर तीही त्याच रात्री जळाली असती, असे म्हणता येईल. पण ‘असती’वर इतिहास लिहिता येत नाही.

दुसरी गोष्ट याहून कमी लोकांना ठाऊक असते. १९३९ च्या आरंभी डोनाल्ड गिब्सन हे तिशीतले वास्तुविशारद शहराचे पहिले नगर वास्तुविशारद म्हणून रुजू झाले. त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी मध्यवर्ती भाग नव्याने आखण्याचे आराखडे तयार केले : मोकळे चौक, बागा, सार्वजनिक इमारती. ‘उद्याचे कॉव्हेंट्री’ या नावाने त्यांचे प्रदर्शन भरले ते मे १९४० मध्ये. तोवर शहरावर मोठा हल्ला झालेला नव्हता. नवे शहर राखेतून जन्मले, असे नेहमी सांगितले जाते. वास्तविक ते कागदावर आधीच जन्मले होते आणि राखेने त्याला जागा करून दिली.

राख मात्र भयंकर होती. १४ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सातनंतर हल्ला सुरू झाला आणि सुमारे अकरा तास चालला. चांदणे लख्ख होते. सुमारे ५०० विमानांनी हजारो आगलावे बॉम्ब आणि सुमारे ५०० टन स्फोटके टाकली. ५६८ माणसे मृत्युमुखी पडली, चार हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. मृतांपैकी अनेकांना लंडन रोडच्या दफनभूमीत सामुदायिक कबरींमध्ये पुरावे लागले. अर्ल स्ट्रीटवरील ‘ओल्ड पॅलेस यार्ड’ ही देखणी जुनी वास्तू कायमची गेली. सेंट मायकल हे चर्च १९१८ पासून शहराचे कॅथीड्रल होते. त्याच्या भिंती, मनोरा आणि सुमारे ९० मीटर उंच शिखर तेवढे उरले. शेजारचे होली ट्रिनिटी मात्र वाचले, कारण त्याचे धर्मगुरू आणि काही सोबती रात्रभर छतावर थांबून पडणारे आगलावे बॉम्ब खाली ढकलत राहिले.

त्याआधी बरोबर एक महिना, १४ ऑक्टोबरला, फोर्ड्स हॉस्पिटलवर बॉम्ब पडला होता. नावात हॉस्पिटल असले तरी हा १५०९ मध्ये विल्यम फोर्ड या व्यापाऱ्याच्या दानातून उभा राहिलेला निराधार वृद्धांचा आश्रम. त्यात राहणाऱ्या वृद्धा आणि त्यांची काळजी घेणारी माणसे दगावली. पडलेले कोरीव लाकूड गोळा करून ठेवले गेले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी तेच लाकूड वापरून इमारत पुन्हा उभी केली. आजही तिथे वयस्कर माणसे राहतात. जपायचे ठरवले की जपता येत होते, याचा हा साक्षीदार ग्रेफ्रायर्स लेनमध्ये उभा आहे.

कारण इतरत्र तसे ठरवले गेले नाही. फेब्रुवारी १९४१ मध्ये, हल्ल्याला तीन महिने होतात न होतात तोच, नगरपालिकेने गिब्सन यांचा आराखडा स्वीकारला. बॉम्बने काय पडले आणि काय उरले, हा त्या आखणीचा आधार नव्हता. रस्ता जिथून जायचा तिथून जायचा होता. युद्धातून वाचलेली अनेक लाकडी घरे पुढच्या दोन दशकांत रस्त्यांसाठी, दुकानांसाठी आणि शहराभोवतीच्या रिंग रोडसाठी उतरवली गेली. ती कोणत्याही शत्रूने पाडली नाहीत. ती निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या मताने पाडली गेली.

या प्रतिनिधींना खलनायक ठरवण्याची घाई करू नये. १९३७ पासून नगरपालिका मजूर पक्षाच्या हाती होती आणि हजारो कुटुंबे घरांवाचून होती. १९५४ मध्ये नव्या कॅथीड्रलच्या बांधकामाला परवाना देण्याची वेळ आली, तेव्हा याच नगरपालिकेने विरोध केला : आधी माणसांना घरे, मग देवाला. बांधकाममंत्री डेव्हिड एक्ल्स यांनी तो डावलून परवाना दिला आणि बेसिल स्पेन्स यांचे नवे कॅथीड्रल मे १९६२ मध्ये पवित्र झाले. स्पेन्स यांनी जुने भग्नावशेष तसेच ठेवून त्यांच्या कडेला नवी वास्तू जोडली. पडलेल्या भिंती जपायच्या, हा निर्णय कॅथीड्रलच्या वाट्याला आला. उभ्या घरांच्या वाट्याला आला नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विचार बदलू लागला. १९६७ च्या कायद्याने सुट्या इमारतींबरोबर संपूर्ण परिसरही संरक्षित करण्याची सोय झाली. कॉव्हेंट्रीत स्पॉन स्ट्रीट या जुन्या रस्त्याचा एक भाग निवडून, रस्ते व बांधकामांच्या आड येणारी लाकडी घरे तिथे हलवण्याची योजना आखली गेली. हे शक्य झाले ते मूळ सुतारकामामुळे. मध्ययुगीन सुतार घराचा सांगाडा आपल्या आवारात आधी जुळवून पाहत, प्रत्येक तुकड्यावर खुणेचे आकडे कोरत, मग सगळे सुटे करून जागेवर नेऊन उभारत. एका तुळईचे टोक दुसरीच्या खाचेत आणि वरून लाकडी खुंटी. मधल्या भिंती कुडाच्या. त्यामुळे पाच शतकांनंतरही खुंट्या काढून घर उतरवता आले. मच पार्क स्ट्रीटवरील घर असेच स्पॉन स्ट्रीटवर आले.

आज स्पॉन स्ट्रीटवरून चालताना वाटते, हेच ते मध्ययुगीन कॉव्हेंट्री. रस्ता खरा आहे, त्यावरील काही घरेही मूळची तिथलीच आहेत; बाकीची मात्र जन्मात एकमेकांची शेजारी नव्हती. आणि ज्या रिंग रोडने तो रस्ता मधोमध तोडला, तो तिथून हाकेच्या अंतरावर गरगरतो आहे. हा देखावा फसवा म्हणून नाक मुरडणारे अभ्यासक आहेत. तरीही ती लाकडे आज हात लावायला शिल्लक आहेत, आणि बुचर रोच्या बाबतीत फक्त पोस्टकार्डे उरली.

मग सगळा दोष एका रात्रीकडे का गेला? घर पाडण्याचा ठराव समितीच्या बैठकीत संमत होतो. त्या दिवशी भोंगा वाजत नाही, कोणी तळघरात धावत नाही. हल्ल्याची तारीख प्रत्येक घराला ठाऊक असते, ठरावाची तारीख दप्तरात पडून राहते. जळालेल्या कॅथीड्रलच्या भिंती रोज डोळ्यांसमोर आहेत, तर बुचर रोच्या जागी रहदारी आहे. शिवाय हल्ल्याचे दुःख सर्वांना मिळून करता येते. ठरावाचे दुःख करायचे तर आपल्याच वडिलांनी कोणाला मत दिले होते, इथपर्यंत जावे लागते.

दरम्यान, गिब्सन यांच्या पिढीने बांधलेले शहरही जुने झाले आहे. १९५८ चे वर्तुळाकार मार्केट, छतावर मोटारी उभ्या करण्याची सोय असलेले, २००९ मध्ये संरक्षित वास्तूंच्या यादीत गेले. १९६२ चे रेल्वे स्थानक त्याआधीच गेले होते. ज्यांचे बालपण त्या सिमेंटच्या चौकांत गेले, ते आता त्यांच्यासाठी भांडतात. बुल यार्ड भागात ‘थ्री टन्स’ या पबच्या भिंतीवर विल्यम मिचेल यांनी १९६६ मध्ये काँक्रीटचे भित्तिशिल्प केले. तेही २००९ पासून संरक्षित आहे. नव्या विकास योजनेत त्याची मूळ इमारत पाडण्याचे, आणि ते शिल्प उतरवून नव्या जागी बसवण्याचे ठरले.